खोड सांगून विकलेली गाडी

सोयाबीनचं पुढच्या वेळी लिहितो, आज गाडीचं. पुतण्यानं आणि मी मिळून एक जुनी हिरो इम्पल्स घरीच नीट केली आणि विकली. भेटेल तो विचारतोय, म्हणून एकदाच सगळं मांडतो.

ही गाडी २०११ साली आली. १५० सीसीचं इंजिन, मागं एकच शॉकअप, जमिनीपासून उंची २४५ मिलिमीटर, म्हणजे साडेनऊ इंचाच्या वर. फार खपली नाही, पुढं बंदच झाली. पण आमच्या बालाघाटाच्या दगडधोंड्यात साधी गाडी बांधावर पोट टेकते, ही टेकत नाही. म्हणून गिऱ्हाईक मिळणार हे माहीत होतं. २०१२ चं मॉडेल, दोन वर्षं पत्र्याखाली उभं होतं. १८,००० ला ठरलं.

इंजिनाच्या आधी कागद बघा. सातबारा न बघता रान घेतो का आपण? आरसी बुकावर फायनान्सचा बोजा तसाच होता. मालक म्हणाला, हप्ते कधीच फिटले. फिटले असतील, पण बोजा उतरल्याशिवाय फेरफार होत नाही. फायनान्सची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आला, तेव्हाच पैसे दिले. चेसी नंबर रॉकेलच्या बोळ्यानं पुसून आरसीशी ताडून बघितला.

पुतण्या म्हणाला, "तात्या, नाव कशाला करायचं? कोऱ्या टीटी फॉर्मवर सही घेऊ आन् पुढच्याला देऊ." बाजारात तसंच चालतं. पण सुप्रीम कोर्टानं २०१८ साली सांगितलंय, नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. गाडी हातोहात विकत गेली तरी अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात येऊ शकते. कुणाचं रान कुणामुळं जप्तीला जाईल सांगता येत नाही. म्हणून फॉर्म २९ आणि ३० दोनदा भरले. एकदा आमच्या नावावर येताना, एकदा जाताना.

आता काम. टाकी आतून गंजलेली. मूठभर नट आणि डिझेल टाकून दोघांनी आळीपाळीनं हलवली, तीन वेळा. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. आपल्याच उसाचं असलं तरी ते पाणी धरतं, उभ्या गाडीत ते तळाला बसतं आणि जुनी रबरं फुगवतं. म्हणून पाइप, कार्बोरेटरची किट सगळं नवं. जेट मात्र साफ करून तेच ठेवलं. फवारणीचा नोझल साफ करणाऱ्याला ते अवघड नाही, फक्त तार घालू नका, भोक मोठं होतं.

सकाळी पहिल्या किकला निळा धूर यायचा, मग थांबायचा. म्हणजे व्हॉल्व्हची सीलं गेलेली. रेस वाढवल्यावर सतत निळा आला असता तर रिंगा, आणि मग बोअरचा खर्च. हेड उतरवून बीडच्या वर्कशॉपमधून सीलं बसवून आणली. पुढच्या शॉकअपची सीलं घरी बदलली, दोन्हीकडं ऑइल मापानं सारखं. मागच्या शॉकअपच्या लिंकेजमध्ये ग्रीसचा थेंब नव्हता, ट्रॅक्टरजवळचा डबाच उघडला. टायर दिसायला बरे होते, पण बाजूला २२१६ छापलेलं. म्हणजे २०१६ चा बाविसावा आठवडा. काढून टाकले.

सीट काढल्यावर मागच्या फ्रेमला वेल्डिंगचा जुना टाका दिसला. पट्टी लावून पक्का करून घेतला. पुतण्याचं म्हणणं, रंगाखाली जाईल, बोलायचं नाही. आमचे वडील नेकनूरच्या बाजारात बैल विकताना खोड आधी सांगायचे आणि दावं नंतर हातात द्यायचे. शिंगं साळून म्हातारा बैल तरणा दाखवणारेही होतेच. जाड ऑइल ओतून धूर दाबणारे त्यांचेच भाऊबंद.

पाटोद्याकडून गिऱ्हाईक आलं, दूध घालणारा पोरगा. सीट काढून टाका दाखवला. १५ वर्षांची नोंदणी २०२७ ला संपते, पुन्हा पासिंग करावं लागेल, तेही सांगितलं. मांजरसुंब्याकडून कपिलधारला उतरणाऱ्या रस्त्यानं एकट्याला चालवून आणायला लावली. तो ४६,००० वरून ४३,००० वर आला आणि तिथंच अडला. पुतण्या तोंड पाडून बसला. दिली.

हिशोब असा: सामान आणि मजुरी १३,७५०, नावं, विमा आणि नवी नंबरप्लेट धरून ४,२५०. म्हणजे जेवढ्याला घेतली तेवढेच वर घातले. हातात ७,०००. काम २१ संध्याकाळी चाललं, दोघांचं. रोजी काढली तर दोघांत साडेतीनशेही पडत नाहीत, खुरपणीला बाई यापेक्षा जास्त घेते. त्यामुळं हा धंदा आहे असं कुणी समजू नये; पिकाचं काम नसलेल्या दिवसांतलं काम आहे.

त्या पोराच्या चुलतभावालाही अशीच पाहिजे आहे. पुतण्यानं गेवराईकडं एक बघून ठेवलीय, पुढचं मडगार्ड तुटलेलं. कुणाकडं पडून असेल तर कळवा.