खाली म्हणजे नक्की कुठे?

तर झालं असं, की मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आठ दिवस राहायला आला होता. मी फावल्या वेळात एक गेम लिहितो हे त्याला ठाऊक होतं. साधाच गेम आहे, ब्राउझरमध्ये चालणारा, मारिओच्या जातकुळीतला. सगळं जग १६ बाय १६ पिक्सेलच्या टाइल्सचं. त्यात एकच गंमत म्हणजे ग्रॅव्हिटी फिरवता येते. बटण दाबलं की हिरो खाली पडायच्या ऐवजी छताकडे पडतो, नाहीतर डाव्या किंवा उजव्या भिंतीकडे. भाच्याने अर्धा तास खेळून शांतपणे विचारलं, "मामा, तिरकं नाही का पडता येत?"

"येईल की! एका वीकेंडचं काम आहे."

हे वाक्य मी ऑफिसात टीममधल्या कुणालाही बोलू देत नाही. घरी मात्र सर्रास बोलतो.

जाताना तो गणिताची चौकटीची वही ठेवून गेला. त्यात पेन्सिलने काढलेल्या नऊ लेव्हल्स होत्या, "तिरक्या ग्रॅव्हिटीसाठी". मी चाळून पाहिली. उभं राहायला धड प्लॅटफॉर्म कुठेच नाही, नुसते जिने आणि दातेरी कडा. म्हटलं, पोरगं आहे, उत्साहात काढलंय काहीतरी. वही ड्रॉवरमध्ये गेली.

मला काम सोपं का वाटलं तेही सांगतो. माझ्या कोडमध्ये ग्रॅव्हिटी म्हणजे एक आकडा होता, ०.५. दर फ्रेमला हिरोच्या वाय-वेगात ०.५ मिळवायचे, झालं पडणं. (कॉम्प्युटरच्या पडद्यावर वाय खालच्या दिशेने वाढतो, कारण जुन्या टीव्हीचा किरण वरच्या डाव्या कोपऱ्यातून चित्र रंगवत खाली यायचा. शाळेतल्या आलेखाची सवय असलेल्यांचा पहिला आठवडा यातच जातो.) तिरकं पाडायचं तर एक्समध्येही ०.५ मिळवायचे. दोन ओळी! चहा व्हायच्या आत लिहून झाल्या.

हिरो तिरका पडला. पण उडी मारली तर आधी चार टाइल्स चढणारा हा गडी आता तीनसुद्धा चढेना. याचं उत्तर पायथागोरसकडे आहे. दोन्हीकडे ०.५ म्हणजे तिरक्या दिशेने एकूण ०.७०७. ग्रॅव्हिटी जवळजवळ दीडपट झाली होती आणि ६४ पिक्सेलची उडी ४५ वर आली होती. दोन्हीकडे ०.३५ केलं, उडी परत आली. मी खूश.

मग हिरोला चालवायला गेलो, तर तो जोरजोरात पाय हलवतोय आणि हळूहळू मागे घसरतोय. चालण्याचा जोर होता ०.३ आणि उताराची ओढ ०.३५. उतार कुठून आला? मी तर एकही टाइल तिरकी केली नव्हती. पण ग्रॅव्हिटी ४५ अंशांनी फिरली की सपाट जमीन हाच ४५ अंशांचा चढ होतो. आणि समोरची भिंत? तीसुद्धा ४५ अंशांचाच चढ, फक्त दुसऱ्या बाजूने. सगळ्या लेव्हलमध्ये सपाट म्हणावी अशी एक इंच जागा उरलेली नव्हती.

इथे माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. ग्रॅव्हिटी फिरवणारे गेम काही नवीन नाहीत. १९९१ चा 'मेटल स्टॉर्म' घ्या, नाहीतर टेरी कॅव्हनॉचा २०१० मधला 'व्ही व्ही व्ही व्ही व्ही व्ही' (यात उडीच नाही, नुसती उलथापालथ). २००९ च्या 'अँड येट इट मूव्ह्ज'मध्ये तर अख्खं जग फिरवता येतं, पण तेही ९० अंशांच्या टप्प्यांनी. चौकटीचा कागद ९० अंशांत फिरवला तरी चौकटीच दिसतो. जमिनीची भिंत होते, भिंतीची जमीन होते, पण कुठेतरी जमीन असतेच. ४५ मध्ये ही सोय संपते. माझ्या चार दिशा सहज चालल्या त्यात माझी हुशारी नव्हती, चौकोनाची होती.

घसरणं थांबवायला घर्षण हवं. ४५ अंशांच्या उतारावर खाली ओढणारा जोर आणि पृष्ठभागावर दाबणारा जोर अगदी सारखे असतात, म्हणून न घसरता उभं राहायचं तर घर्षणाचा गुणांक निदान १ हवा. कोरड्या रस्त्यावर चांगलं रबर जेमतेम तिथवर जातं. ज्यांनी सह्याद्रीतला घसारा उतरलाय त्यांना हे गणित बुडाने माहीत असेल. मी दगडाच्या टाइलला १.२ दिला आणि चालण्याचा जोर ०.५ केला. हिरो एकदाचा उभा राहिला.

पण उभा आहे हे कोडला पटेना. 'पायाखाली टाइल आहे का' असं तपासणाऱ्या ओळी सात ठिकाणी होत्या आणि प्रत्येकीने 'पायाखाली' म्हणजे वाय अधिक एक असं धरलेलं. चार दिशांच्या वेळी प्रत्येक ठिकाणी मीच इफ-एल्स चिकटवले होते, म्हणजे गाढवपणाही स्वतःचाच. ते सगळं फेकलं आणि एकच प्रश्न ठेवला: मी टेकलोय तो पृष्ठभाग मला ग्रॅव्हिटीच्या विरुद्ध ढकलतोय का? दोन दिशांचा एक गुणाकार, उत्तर ऋण आलं की ती जमीन. आता फरशीही जमीन आणि उजवी भिंतही जमीन.

सगळ्यात जास्त छळलं ते कोपऱ्याने. माझा कोड हिरोला आधी एक्समध्ये सरकवायचा, टक्कर तपासायचा, मग वायमध्ये. जगातले निम्मे टाइल गेम असेच चालतात आणि सरळ ग्रॅव्हिटीत काही बिघडत नाही. पण हिरो उजवीकडे-खाली तिरका पडत एखाद्या टाइलच्या टोकावर बरोबर आला, तर? आधी एक्स हलवला तर तो टाइलच्या वर येतो आणि वरून घसरतो. आधी वाय हलवला तर टाइलच्या बाजूला येतो आणि भिंतीवरून घसरतो. म्हणजे पुढचा अख्खा मार्ग मी कुठली ओळ आधी लिहिली यावर ठरणार! मग आधी कुठली बाजू टेकते याची वेळ काढून निर्णय घेतला. तरी बरोबरी झाली तर? मला वाटलं होतं, लाखात एकदा होईल. छे, सारखी होत होती. हिरो निघतो कोपऱ्यातून, पोचतो कोपऱ्यावर आणि कोपरे सगळे सोळाच्या पटीत. शेवटी ठरवलं की बरोबरी झाली तर खेळणाऱ्याने दाबलेली बाण-की निर्णय देईल. हा निर्णय मला अजूनही आवडतो.

एवढं होईपर्यंत गणपती येऊन गेले होते. माझ्या जुन्या लेव्हल्स लावून पाहिल्या तर सगळ्या एकसारख्याच कंटाळवाण्या. कुठूनही निघा, घसरत घसरत उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात. बंदच करावं म्हणत होतो, आणि चार्जर शोधताना ड्रॉवरमध्ये ती वही सापडली.

पहिल्या पानावर त्याने नाण्यांना आकडे दिले होते. ते आकडे पानाला तिरके लिहिलेले होते. अक्षर वाईट म्हणून नाही, नऊच्या नऊ पानांवर एकाच कोनात तिरके. मी वही त्या कोनात धरली. जिने होते ती झाली जमीन, आणि जिन्याची प्रत्येक पायरी झाली एक छोटी वाटी. प्रत्येक वाटीत एक नाणं. पोराने वही तिरकी धरून चित्रं काढली होती. सपाट जागा नसणार, खळगेच असणार, हे त्याला मे महिन्यात दिसलं होतं. आणि मी त्याला शिकवणार होतो की प्लॅटफॉर्म कसे काढतात!

भाऊबीजेला ताईकडे गेलो तो लॅपटॉप घेऊनच. स्वारी अंगणात किल्ल्यावर माती थापत होती. हात धुऊन आला (ताईने दोनदा धुवायला लावले) आणि बसला. उशीर का झाला हे त्याने विचारलं नाही. मीच सांगायला लागलो तर म्हणाला, "थांब ना मामा." पहिल्या तीन लेव्हल्स झाल्या. खेळताना त्याची मान आपोआप डावीकडे कलली होती.

चौथ्या लेव्हलमध्ये हिरो एका फटीतून निसटला आणि पडद्याबाहेर तिरका पडतच राहिला. मी बग शोधायला पुढे झालो.

"तुझं नाही चुकलं," तो वही ओढत म्हणाला. "इथे मी एक चौकोन विसरलोय. पेन्सिल आहे?"