सायकलवर पोट भरतं का?

मंडळी, आमच्या घरात सध्या एकच विषय आहे. नात अकरावीला आहे आणि तिला सायकलिंग करायचंय. छंद म्हणून नव्हे, आयुष्य म्हणून! पहाटे पाचला ती मुलुंडहून निघते, ठाण्यापलीकडे जाऊन सात वाजता घामाघूम परत येते. तिच्या बाबांचा, म्हणजे माझ्या चिरंजीवांचा, प्रश्न साधा आहे. "सायकलवर पोट भरतं का?"

प्रश्न काही वावगा नाही. आमच्या लहानपणी सायकलवर पोट भरायचं ते दूधवाल्याचं, पाववाल्याचं आणि पोस्टमनचं. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत. पण राजा झाला तरी त्याला नोकरी हवीच!

मग शाळेतल्या सवयीप्रमाणे मी एक उदाहरण सोडवायला घेतलं. एलिया विवियानी, इटलीतल्या व्हेरोनाजवळचा, जन्म 1989. हाच का? तर फेब्रुवारी 2011 मध्ये आपल्या मुंबईत आंतरराष्ट्रीय शर्यती झाल्या, त्यातली एक या बाविशीच्या पोरानं जिंकली होती.

हा गडी रस्त्यावरही धावे आणि ट्रॅकवरही. ट्रॅकची सायकल वेगळीच असते. तिला ब्रेक नाही, गिअर एकच, आणि चाक फिरतंय तोवर पाय थांबवता येत नाहीत. 250 मीटरचं लाकडी रिंगण, वळणावर भिंतीसारखं उभं. नातीनं हे सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला.

हिशोब असा, की पगार मिळतो तो रस्त्यावरच्या व्यावसायिक संघांकडून आणि ऑलिंपिक पदक मिळतं ते ट्रॅकवर. विवियानीनं दोन्ही सांभाळलं. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ऑम्नियम या प्रकारात तो सहावा आला. 2016 मध्ये रिओला त्याच ऑम्नियममध्ये सहा शर्यती होत्या. शेवटच्या शर्यतीत तो धडपडून पडला, उठला, पुन्हा सायकलवर बसला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. पुढे 2018 मध्ये इटलीच्या मोठ्या शर्यतीत, जिरोमध्ये, चार टप्पे जिंकले. टोकियोत कांस्य, 2024 ला पॅरिसमध्ये जोडीदारासह रौप्य. ऑक्टोबर 2025 मध्ये चिलीतल्या सांतियागोला आपल्या कारकिर्दीतली शेवटची शर्यत जिंकून, जगज्जेता म्हणूनच त्यानं निरोप घेतला. वय 36. आमच्या नोकरीत त्या वयाला माणूस नुकता रुळायचा!

पण मुलगा म्हणाला, "आई, तो इटलीत जन्मला." तेही खरंच. आपल्याकडे असे संघ नाहीत. रेल्वे, पोलीस, सैन्यदल यांच्याकडची खेळाडूंसाठीची नोकरी हाच आधार. चांगला लाकडी ट्रॅक म्हटलं की दिल्लीच. तरी महाराष्ट्राच्या मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून ट्रॅकवर उतरल्याच ना? आणि जानेवारी 2026 मध्ये पुण्यात परदेशी संघांची 400 किलोमीटरहून मोठी शर्यत झाली. वारं थोडं फिरतंय.

शेवटी निकाल मी दिला. बारावी नीट पास व्हायचं, सकाळचा सराव चालू ठेवायचा, आणि नवी सायकल माझ्या पेन्शनमधून. दोन वर्षांनी तिचा वेग काय म्हणतो ते पाहू. मुलगा अजून गप्प आहे, पण परवा रात्री त्यानंच तिच्या सायकलच्या चेनला तेल घातलं.

असो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी खेळात उतरलेलं पोर असेल, तर घरखर्च कसा जुळवलात ते जरूर लिहा. आम्हाला त्याची खरोखर गरज आहे.