चढणाऱ्याला आधी वाट

पुण्याहून महाडला जाणारे बहुतेक जण आता ताम्हिणीनं जातात. मुळशीचं पाणी, घाट, माणगावला मुंबई-गोवा महामार्ग, की आलं घर. माझ्या वडिलांना, अण्णांना, तो रस्ता कधी पटला नाही. एसटीच्या नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी वरंधा घाटात काढली होती. निवृत्तीनंतर माझ्या गाडीत पुढे बसले, तरी सातारा रस्त्यावर कापूरहोळ आलं की त्यांचा हात आपोआप उजवीकडे, भोरच्या फाट्याकडे जायचा. अंतरात फारसा फरक नाही, वेळ मात्र जास्त लागतो. पण वेळेचा हिशेब त्यांनी डेपोतच ठेवून दिला होता.

भोर मागे पडलं की नीरा देवघर धरणाचं पाणी सोबतीला येतं. तिथे अण्णा गप्प. घाट लागला की त्यांचं बोलणं सुरू व्हायचं. "दुसरा टाक. ज्या गिअरात चढशील त्यातच उतरायचं." ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणाऱ्याला ते ड्रायव्हर म्हणायला तयार नसत. ब्रेक तापले की ऐन वळणावर दगा देतात. आणि समोरून चढणारी गाडी दिसली की आपण थांबायचं. भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलणं जड जातं. कायद्यातही तेच आहे म्हणा, पण अण्णा ते कायदा म्हणून सांगत नसत.

वाघजाईच्या देवळापाशी कांदाभजी आणि चहा ठरलेला. माकडं भज्यांवर टपलेली. इथे कावळ्या किल्ल्याचा डोंगर फोडून रस्ता काढलाय. किल्ल्याचा एक तुकडा या अंगाला, दुसरा त्या. खाली शिवथरचं खोरं, जिथल्या घळीत समर्थांनी दासबोध सांगितला असं मानतात. लोक दरीचे फोटो काढत असायचे आणि अण्णा दरीकडे पाठ करून चहा प्यायचे. त्यांची नजर डोंगराच्या अंगावर. कुठे पाणी पाझरतंय, कुठे माती नव्यानं उघडी पडलीय. मला तो त्यांचा रूक्षपणा वाटायचा. 22 जुलै 2021 ला याच महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून मीही आधी डोंगराकडे बघतो.

अण्णा पुण्यात गेले, दवाखान्यात, भर पावसाळ्यात. गावीच न्यायचं हे त्यांनी कधीचंच सांगून ठेवलेलं. वरंधा दरडींच्या भीतीनं बंद होता. शववाहिकेच्या ड्रायव्हरनं विचारलंही नाही, सरळ ताम्हिणीला लागला. धबधब्यांपाशी गाड्यांची रांग, पोरं भिजत होती, कणसं भाजली जात होती. कुणावर रागवावं असं त्यात काही नव्हतं. आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "हे काही या रस्त्यानं यायचे नाहीत."

दिवाळीला घाट सुरू झाला होता. आम्ही भोरवरून गेलो. वाघजाईला आईनं सवयीनं अण्णांचाही चहा सांगितला. तो मी प्यायलो.

तुम्हाला घाई नसेल तर कधीतरी या वाटेनं जा, पण दिवाळीनंतर. रस्ता बंद असल्याची पाटी दिसली तर हुज्जत न घालता मागे फिरा. दुसऱ्या गिअरात उतरा, आणि समोरून कुणी चढत असेल तर बाजूला थांबून त्याला आधी जाऊ द्या.