धावणाऱ्याच्या धमन्या

माझ्या हृदयाच्या धमन्यांचा कॅल्शियम स्कोअर २१८ आला, तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "घाट चढताना छातीत काही होतं का?" काहीच होत नव्हतं. तिशीपासून मी धावतो. साताऱ्यात राहतो, त्यामुळे यवतेश्वरचा घाट पायाखालचा. वजन आटोक्यात, बीपी-शुगर व्यवस्थित, तंबाखू-सिगरेटला कधी शिवलो नाही. तपासणीला गेलो ते केवळ थोरल्या भावाला स्टेंट टाकावा लागला म्हणून.

स्कॅनला फार वेळ लागला नाही. छातीवर ईसीजीचे स्टिकर, हात डोक्यामागे, "श्वास घ्या, रोखा", की झालं. इंजेक्शनसुद्धा नाही. नंतर डॉक्टरांनी पडद्यावर हृदयाचे काप एकेक करून पुढे सरकवले. करड्या हृदयाच्या कडेला, डाव्या बाजूने खाली उतरणाऱ्या धमनीत, पांढरे ठिपके होते. खालच्या बाजूला पाठीचा मणका दिसत होता. ठिपके तितकेच पांढरे. माझ्या धमनीत हाडासारखं काही साठलंय, हे मला तिथं बसून पहिल्यांदा कळलं.

धावणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. रोज धावणाऱ्याला हृदयाचं काय होणार? हा समज जुना आहे. मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याच्या धमन्यांना धोकाच नाही, असं १९७० च्या दशकात टॉम बॅस्लर हे अमेरिकन डॉक्टर ठामपणे सांगत होते. पण धावण्यावरच्या पुस्तकामुळे अमेरिकेत घराघरात पोचलेले जिम फिक्स १९८४ मध्ये धावतानाच गेले, वयाच्या ५२ व्या वर्षी. शवविच्छेदनात त्यांच्या धमन्या तुंबलेल्या निघाल्या. त्यांचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते. मला यातली वडिलांची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. रक्तातून आलेलं पायांनी पुसलं जात नाही.

त्याहून चक्रावणारी गोष्ट पुढे वाचली. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये पन्नाशीच्या आसपासचे, इतर धोके कमी असलेले पुरुष तपासले. वर्षानुवर्षं सायकलिंग, धावणं करणाऱ्यांच्या धमन्यांत बेताचा व्यायाम करणाऱ्या निरोगी पुरुषांपेक्षा प्लाक, म्हणजे धमनीच्या भिंतीत साठणारा थर, जास्त आढळला. कारण अजून पुरतं उलगडलेलं नाही. पण डॅलसच्या कूपर क्लिनिकमधल्या वीस हजारांहून अधिक पुरुषांच्या नोंदी दुसरी बाजू दाखवतात: भरपूर व्यायाम करणाऱ्यांच्या धमन्यांत कॅल्शियम थोडं जास्त असलं, तरी त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण वाढलेलं नव्हतं. या दुसऱ्या बाजूने मला खरा धीर दिला.

घरी मात्र बायकोने बूट माळ्यावर टाकायला काढले होते. तिची भीती मला समजत होती. डॉक्टरांनी तिला सोबत बोलावलं आणि तिच्यासमोरच स्ट्रेस टेस्टचा रिपोर्ट वाचून दाखवला. तो चांगला होता. मग सांगितलं, धावणं थांबवायचं नाही, दर रविवारी जीव तोडून धावणं थांबवायचं. माझा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १३८ होता. 'धावणाऱ्याला एवढं चालतं' असं वर्षानुवर्षं जो तो म्हणायचा. आता रात्री स्टॅटिनची गोळी घेतो, एलडीएल ७० च्या खाली आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉन मी अजून धावतो, फक्त चढावर घड्याळाकडे बघत नाही. पुढचा स्कोअर कदाचित वाढेल, असंही डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय. स्टॅटिनने प्लाक घट्ट होतो, त्यात कॅल्शियम वाढतं, पण तो फुटण्याची शक्यता कमी होते.

तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक धावणाऱ्याला कळकळीची विनंती आहे. घरात कुणाला लवकर हार्ट अटॅक आला असेल, तर पुढच्या शर्यतीचं नाव नोंदवण्याआधी लिपिड प्रोफाइल करा आणि तो रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसा. चढावर छातीत दाब आला, जबडा किंवा डावा हात दुखला, नेहमीच्या वेगाला दम लागला, तर ॲसिडिटी म्हणून सोडून देऊ नका. तिथंच थांबा आणि सोबतच्यांना लगेच सांगा.