खाजणातला तिसरा वाटेकरी

धरमतरच्या खाडीला ओहोटी लागली की तिवरांखालचा गाळ उघडा पडतो आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. अलिबागला निघालेले पाहुणे गाडीच्या काचा वर करतात. गुडघाभर गाळात उतरून निवट्या, चिंबोऱ्या धरणाऱ्या बायका मात्र त्या वासाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. तक्रार असलीच तर पायातली चांदीची जोडवी काळी पडतात, एवढीच.

गाळाचा वरचा थर करडा. बोट खुपसलं की खाली काजळासारखा काळा. चिंबोरीच्या बिळाभोवती तेवढी तांबूस कड असते, कारण बिळातून तिथवर हवा जाते. बाकीचा मुलूख हवेचं वावडं असलेल्या जिवाणूंचा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅमहून जास्त सल्फेट असतं. आपण प्राणवायूवर जे भागवतो ते हे जिवाणू सल्फेटवर भागवतात. तिवराचा पालापाचोळा जिरवताना त्यांच्याकडून हायड्रोजन सल्फाइड सुटतो; कुजक्या अंड्यांचा वास त्याचाच. त्याची लोहाशी गाठ पडली की गाळ काळा, चांदीशी पडली की जोडवी काळी.

यांतला पहिला जिवाणू मार्टिनस बायरिंक यांनी 1895 मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्टला वेगळा काढला. आज त्याच्या कुळाला डिसल्फोव्हिब्रिओ म्हणतात. बांध घालून समुद्राची जमीन लाटणाऱ्या देशातच त्याने पहिल्यांदा हजेरी लावावी, याची मला गंमत वाटते.

कारण आमच्या खारेपाटाचा धंदाही तोच. बांध घालायचा, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढायचं, मग भात. समुद्राचं पाणी तुटलं की सल्फेटची आवक तुटते आणि जिवाणूंची चलती ओसरते. खारेपाटातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून 1933 ते 1939 असा संप केला, तो असल्याच जमिनीतल्या पिकाच्या वाटणीवरून. भांडण खोत आणि कुळाचं. गाळातल्या या वाटेकऱ्याला कोणत्याच चोपडीत जागा नव्हती.

तो आपला हिस्सा उधाणाला वसूल करतो. बांधाला खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं. भाताला आधी मीठच मारतं. पण पाणी तुंबून राहिलं की महिन्या-दोन महिन्यांत चिखल काळा पडू लागतो आणि तोच वास येतो. खांड वेळेत बुजली नाही तर भरतीबरोबर आलेलं तिवराचं बी तिथे रुजतं. तिवरं तोडायला उच्च न्यायालयाने 2005 मध्ये बंदी घातली. बंदी योग्यच आहे, असं मला वाटतं. पण ज्याच्या शेतात तिवरं उगवली त्याला हे सांगायला माझी जीभ रेटत नाही. सातबाऱ्यावर अजून त्याचंच नाव आहे.