नळी कशाची?

मेसमध्ये इराणचा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "अमेरिका म्हनते म्हंजे काही तरी असंनच." दुसरी म्हणते, "सारं खोटं हाये बे, तेलासाठी चालू हाये." पुरावा बघायची गरज दोघांनाही वाटत नाही. निदान मेकॅनिकलवाल्यांनी तरी असं करू नये, कारण अशाच एका वादातला मोठा पुरावा आपल्या वर्कशॉपमधला होता... एक साधी नळी.

२००१ मध्ये इराककडे निघालेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या जॉर्डनमध्ये पकडल्या गेल्या. ७०७५-टी६ मिश्रधातू, बाहेरचा व्यास ८१ मिलिमीटर, लांबी ९०० मिलिमीटर, भिंतीची जाडी ३.३ मिलिमीटर. सीआयएने ठरवलं की ही युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजची नळी. आता बघा, सेंट्रिफ्यूजचा रोटर भन्नाट वेगाने फिरतो, त्याला पातळ भिंत लागते. ही तर जाडजूड! वरून ॲनोडायझिंग केलेलं, म्हणजे सेंट्रिफ्यूजसाठी ते आधी काढून टाकावं लागणार. शिवाय इराक १९८० च्या दशकापासून अशाच नळ्या रॉकेटला वापरत होता. ते ८१ मिलिमीटरचं रॉकेट इटलीच्या मेडुसावरून उचललेलं.

हे कोणी इराकी सांगत नव्हता. अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातले सेंट्रिफ्यूजचे जाणकार सांगत होते. ऑक्टोबर २००२ च्या गुप्तचर अहवालात त्यांचं म्हणणं नुसतं असहमती म्हणून नोंदलं गेलं. ५ फेब्रुवारी २००३ ला कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत विचारलं की साध्या रॉकेटला इतके कडक टॉलरन्स कशाला? उत्तर साधं होतं. रॉकेटचा नेम नीट लागत नव्हता, आणि डिझाइन न बदलता तो सुधारायचा होता. ७ मार्चला अणुऊर्जा संस्थेचे एल बरादेई यांनी नळ्या सेंट्रिफ्यूजच्या असण्याची शक्यता नाही असं सांगितलं. २० मार्चला युद्ध सुरू झालं. २००४ मध्ये अमेरिकेच्याच तपास गटाने अहवाल दिला, की इराकचा अणुकार्यक्रम १९९१ लाच संपला होता.

माझा रूम पार्टनर अकोल्याचा, घरी कापूस. तो सांगतो, गाडी उभी केली की व्यापारी मुठीत कापूस दाबतो आणि "ओला हाये" म्हणून भाव पाडतो. सरकारी खरेदीत ओलाव्याचं माप ८ ते १२ टक्के, ते मीटरवर दिसतं. मुठीत कुठला आकडा? त्याचे बाबा म्हणतात, "हातानं नोको सांगू भाऊ, मीटर लाव." त्या व्यापाऱ्याचा भाव आधी ठरलेला असतो, ओलावा मागून येतो. इराकच्या नळीचंही मला तसंच वाटतं. (ग्राफ आधी, रीडिंग मागून हा प्रकार हॉस्टेलवर कोणाला समजावून सांगायला नको!)

पण म्हणून सीआयएला सगळंच नसलेलं दिसतं असंही नाही. डिसेंबर १९९५ मध्ये त्यांच्या उपग्रहांनी पोखरणची तयारी टिपली आणि आपली चाचणी राहून गेली. पुढच्या वेळी आपल्या लोकांनी उपग्रहाच्या वेळा सांभाळून रात्री काम केलं. तुर्भ्याच्या भाभा केंद्रातले शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात वावरले. ११ मे १९९८ ला स्फोट झाले तेव्हा सीआयएला पत्ताच नव्हता. तेव्हा 'परका देश' आपण होतो. त्या फजितीचा धसका इराकच्या वेळी त्यांच्या मनात असणार, असा आपला माझा अंदाज.

आता इराण. २००७ च्या अमेरिकन अहवालानुसार त्यांनी अण्वस्त्राचं काम २००३ मध्ये थांबवलं. मार्च २०२५ मध्ये गुप्तचर प्रमुख तुलसी गबार्ड यांनीही इराण बॉम्ब बनवत नाही असं सिनेटपुढे सांगितलं. जूनमध्ये ट्रम्प यांनी त्यांना चुकीचं ठरवलं, आणि २२ तारखेला फोर्डो, नतान्झ, इस्फहानवर बॉम्ब पडले. दुसऱ्या पार्टीनेही ऐकावं: त्याच वर्षी मे महिन्यात अणुऊर्जा संस्थेने इराणकडे ६० टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेलं ४०८.६ किलो युरेनियम मोजलं होतं. वीज बनवायला ५ टक्क्यांच्या आत भागतं. तेव्हा बाकीचं काहून, हे इराणला विचारलंच पाहिजे. पण विचारणार कोण? बॉम्बहल्ल्यानंतर इराणने त्या संस्थेशी सहकार्य थांबवलं, आणि जुलैच्या पहिल्याच आठवड्यात तिचे निरीक्षक तेहरान सोडून निघाले. मीटर लावणारेच गेले.