चमच्यावरून ओघळू नये इतपत

आमच्याकडे मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, पाचव्या नाहीतर सातव्या. सासूबाईंनी पाचव्याचा विषय काढला, तेव्हा मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं: सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध. त्यांनी बोटांवर हिशोब केला. "सहा पुरे झाले की सातवाच लागतो की गं. मग अडलंय कुठं?" अडलं नव्हतंच. माझ्या भावाने खिरीत सोन्याची अंगठी बुडवून लेकीच्या जिभेला लावली, फोटो झाले, पाहुणे जेवून गेले. रोज काय शिजवायचं, हा प्रश्न तेवढा मागे राहिला.

भाजी कोणती, याबाबत घरात आणि शेजारी एकमत होतं. दुधी. पचायला हलका, वासाला सौम्य, बारा महिने मिळणारा. नाशिकला गंगेवर बुधवारचा बाजार भरतो, तिथून मी आणायचे. दुधी कोवळा आहे का हे बघायला सगळे नख टोचतात आणि भाजीवाल्या मावशी सगळ्यांवर ओरडतात. त्यांचंही बरोबर आहे, नख लागलेला दुधी तिथूनच काळा पडतो. त्यापेक्षा सालीवरची लव बघावी. फिकट हिरवा, अंगावर बारीक लव असलेला आणि आकाराच्या मानाने हाताला जड लागणारा दुधी कोवळा निघतो. जून दुधीच्या बिया टणक होतात, त्या बाळाच्या घासात नकोतच.

सोलल्यावर आधी एक चकती मी स्वतः कच्ची चावून बघते. ही सवय माझ्या आईची. एखादा दुधी कडू निघतो. तो कडूपणा कुकर्बिटॅसिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि शिजवून जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं गंभीर आजारी पडली आहेत, दगावलीही आहेत. आयसीएमआरच्या तज्ज्ञगटानेही हेच सांगितलंय: आधी तुकडा चाखा, कडू लागला तर फेकून द्या. मीठ लावून, पिळून, साखर घालून तो वापरायचा प्रश्नच येत नाही.

खरी चर्चा झाली ती पातळ की घट्ट यावर. शेजारच्या काकू म्हणाल्या, पहिले पंधरा दिवस दुधीचं पाणी पाज, मग डाळीचं पाणी, मग बघू. प्रेमानेच सांगत होत्या, त्यांनी तीन मुलं तशी वाढवली. पण दुधीत पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास नुसतं पाणीच असतं. शंभर ग्रॅम दुधीतून मिळतात जेमतेम पंधरा कॅलरी. चमचाभर तुपात त्याच्या जवळजवळ तिप्पट असतात. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय दिवसाला सुमारे दोनशे कॅलरी वरच्या खाण्यातून लागतात, आणि पोट तर एवढंसं. ते पाण्याने भरलं की दूधही कमी पितं आणि जेवणही जात नाही. म्हणून मी नुसता दुधी कधी दिला नाही. तो मऊ खिचडीत जायचा.

दोन मुठी तांदूळ, एक मूठ मूगडाळ, धुऊन थोडा वेळ भिजवलेली. त्यावर किसलेला दुधी, चिमटीभर हळद, जिऱ्याची थोडी पूड. किसाला सुटलेलं पाणी पिळून टाकायचं नाही, तेही डाळीत. कुकरला नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त. मग गरम असतानाच पळीने घोटायचं आणि वरून तूप. मिक्सर लावला की खिचडीची खळ होते, मला ती आवडत नाही. थोडी भरड राहिली तर बाळाची जीभ कामाला लागते. चमचा तिरका केला की आतलं ओघळू नये, हे माझं माप. मीठ नाही, साखर नाही, वर्षाच्या आत मधही नाही. सासूबाईंनी चाखून बघितलं आणि म्हणाल्या, "अळणी आहे, कशी खाईल?" जिने मीठ कधी चाखलंच नाही, तिला काय अळणी!

पहिल्या घासाला लेकीने तोंड असं केलं की जणू आम्ही तिला कडुनिंब दिला. जिभेने सगळं बाहेर. "आवडत नाही तिला, केळं दे," अशी लगेच सूचना आली. केळं मी दिलं, पण वेगळ्या वेळी. दुधी लपवायला त्यात मिसळलं नाही. भाजीची चव भाजीसारखीच कळायला हवी, या मताची मी आहे. काही दिवसांनी तेच तोंड वाकडं करत ती गिळायलाही लागली.

दुधीवर सगळी भिस्त मात्र ठेवता येत नाही. जन्मतः अंगात असलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि दुधीत लोह नावापुरतंच. मूगडाळीत थोडं असतं, ते अंगी लागावं म्हणून खिचडीत लिंबाचे दोन थेंब पिळायचे. पुढे नाचणी आणि अंड्यातलं पिवळं आलं. पालकही द्यायचे, पण दुधीइतक्या वेळा नाही, आणि शिजवून ठेवलेला तर मुळीच नाही.

बाळाचे चार चमचे काढले तरी अख्खा दुधी उरतोच. अर्धा चणाडाळ आणि गोडा मसाला घालून भाजीत, उरलेला थालीपिठात, सालींची तीळ-शेंगदाणे घालून चटणी. नवव्या महिन्यापासून तर कढईतच वाटणी व्हायला लागली: दुधी शिजला की मीठ-तिखट पडण्याआधी बोटाएवढ्या दोन फोडी तिच्यासाठी बाजूला. ती उंच खुर्चीत बसून फोड मुठीत धरायची; अर्धी तोंडात, अर्धी केसांत. नवऱ्याला दुधी लहानपणापासून नावडता, पण लेकीसमोर ताट बाजूला सारायची त्याची हिंमत होईना. सासूबाईंना त्याचाच जास्त आनंद झाला.